पुरस्कार मिळाला, पण पिक्चर लागला कुठे?

नमस्कार मंडळी! मागच्या अंकात सहज म्हटलं की राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि तुम्ही तर पाऊसच पाडलात. निम्मी पत्रं शाहरुखवर आहेत, उरलेल्यांतली निम्मी भांडायला आलेली आहेत. नेहमीसारखंच नावं छापत नाही, गावं छापतेय.

प्रश्न (कोल्हापूर, निवृत्त शिक्षक) : ताई, यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, यादीत मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट 'श्यामची आई' असं वाचलं. अहो, त्याला तर आमच्या लहानपणीच मिळालं की! पेपरवाल्यांनी जुनी बातमी छापली का काय?

नाही सर, पेपरवाल्यांची चूक नाही आणि तुमचीही नाही. तुम्ही म्हणताय तो आचार्य अत्र्यांचा, १९५३ चा. हे पुरस्कार सुरूच झाले १९५४ साली, १९५३ च्या चित्रपटांसाठी, आणि पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक गेलं ते अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. म्हणजे अख्ख्या देशातला पहिला नंबर, आणि तो मराठी. त्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' सुद्धा होता बरं का समोर, त्याला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावं लागलं.

आणि यंदा जो आला तो सुजय डहाके यांचा, २०२३ चा, तोही ब्लॅक अँड व्हाइटमध्येच केलेला, ओम भूतकर साने गुरुजी झालाय त्यात. तर एकाच पुस्तकावरचे दोन सिनेमे, मध्ये ७० वर्षं, आणि दोन्हींना दिल्लीहून पुरस्कार.

एक गंमत सांगते जी कुणाच्या लक्षात येत नाही. वनमालाबाईंनी त्या जुन्या सिनेमात आईचं काम काय केलंय हे तुम्हाला मी सांगायला नको, पण त्यांना त्या कामाचा वेगळा राष्ट्रीय पुरस्कार नाही मिळाला, कारण तेव्हा अभिनयाला पुरस्कारच नव्हता! बक्षीस सिनेमाला. नट-नट्यांना द्यायला सुरुवात झाली ती १९६७ च्या चित्रपटांपासून, तेव्हा उत्तम कुमार आणि नर्गिस पहिले मानकरी ठरले, आणि त्या पुरस्कारांना 'भरत' आणि 'उर्वशी' अशी छान नावं होती. पुढे ती नावं गेली. मला ती आवडायची, असो.

प्रश्न (नाशिक, कॉलेज विद्यार्थिनी) : २०२३ चा पुरस्कार २०२५ मध्ये का देतात? तोपर्यंत आम्ही तो पिक्चर विसरलेलो असतो.

खरंय गं. ७१ वे पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ ला जाहीर झाले, २३ सप्टेंबरला विज्ञान भवनात राष्ट्रपती मुर्मू यांच्या हस्ते दिले, आणि सिनेमे २०२३ चे. थोडा उशीर तर नेहमीच असतो कारण वर्ष मोजतात ते सेन्सॉर सर्टिफिकेटवरून, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, म्हणजे वर्ष संपल्याशिवाय अर्जच पूर्ण होत नाहीत. पण कोरोनात जी गाडी लेट झाली ती झालीच, २०१९ च्या सिनेमांचे पुरस्कार जाहीर व्हायला २०२१ चा मार्च उजाडला होता आणि तेव्हापासून आपण मागेच धावतोय. सोपा हिशोब लक्षात ठेव, पुरस्काराच्या आकड्यात १९५२ मिळवायचे की सिनेमाचं वर्ष येतं. ७१ अधिक १९५२, झाले २०२३.

प्रश्न (पुणे) : शाहरुखला 'जवान'साठी? सिरियसली? 'स्वदेस'ला का नाही दिला?

हा प्रश्न अकरा जणांनी विचारलाय, शब्द वेगळे, राग सेम. तर ऐका. 'स्वदेस'च्या वर्षी, म्हणजे २००४ च्या पुरस्कारांत, अभिनेत्याचा पुरस्कार सैफ अली खानला गेला 'हम तुम'साठी. 'स्वदेस'ला मिळाले ते दुसरेच दोन, गाण्यासाठी उदित नारायण आणि कॅमेऱ्यासाठी महेश आणे. ते जे स्टेशनवर पाणी विकणारं पोरगं आठवतं ना आपल्याला, कुल्हड घेऊन धावणारं, शाहरुखचा तो चेहरा आपल्या डोक्यात बसलाय, पण त्या चेहऱ्यावरचा उजेड आण्यांचा आहे हे आपण विसरतो.

आता यातला खरा किस्सा असा की यंदाच्या कथापट ज्युरीचे अध्यक्ष होते आशुतोष गोवारीकर, म्हणजे 'स्वदेस'चेच दिग्दर्शक! ज्यांच्या सिनेमात मिळायला हवा होता असं सगळं जग म्हणतं, त्यांच्याच ज्युरीने दुसऱ्या सिनेमासाठी दिला. ३३ वर्षांच्या करिअरमधला पहिला. माझं वैयक्तिक मत विचाराल तर 'जवान' मला करमणूक म्हणून आवडला, अभिनयाचा नमुना म्हणून नाही, आणि पुरस्कार ज्याच्यासोबत वाटून मिळाला त्या विक्रांत मॅसीचं काम जास्त मोठं होतं. रक्कमही वाटूनच, दोन लाखांतले एक-एक लाख. शाहरुखच्या लाखाचं काय होणार हे मला विचारू नका.

प्रश्न (अहिल्यानगर) : बेस्ट अ‍ॅक्टरला सुवर्णकमळ मिळतं ना?

नाही, रजतकमळ. सुवर्णकमळ सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, पदार्पणाचा चित्रपट, बालचित्रपट अशा मोजक्या कॅटॅगरींना, तीन लाख रुपयांसोबत. बाकीच्यांना चांदी.

प्रश्न (सातारा) : मराठी सिनेमाला आतापर्यंत किती वेळा सुवर्णकमळ मिळालं? मित्राशी पैज लागलीय, तो म्हणतो दोनदा.

मित्राकडून पैसे घ्या. 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' या एकाच कॅटॅगरीबद्दल बोलत असाल तर पाच वेळा. पहिला 'श्यामची आई', तो वर आलाच. मग पन्नास वर्षं ठणठणाट. पन्नास! मग २००४ साली जाहीर झालेल्या पुरस्कारांत संदीप सावंत यांचा 'श्वास'. मग २०११ चा 'देऊळ', उमेश कुलकर्णींचा, तो 'ब्यारी' नावाच्या सिनेमासोबत वाटून, ब्यारी ही कर्नाटकाच्या किनारपट्टीवरची बोली. मग २०१४ चा चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'. आणि २०१६ चा 'कासव', सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा.

आता इथे एक गोष्ट लोकांना गोंधळात टाकते. मराठी सिनेमा देशात पहिला आला की 'मराठीतला सर्वोत्कृष्ट' कोण? तर दुसराच! 'श्वास'च्या वर्षी तो 'नॉट ओन्ली मिसेस राऊत'ला, 'देऊळ'च्या वर्षी 'शाळा'ला, 'कोर्ट'च्या वर्षी 'किल्ला'ला, 'कासव'च्या वर्षी 'दशक्रिया'ला. म्हणजे त्या वर्षी आपल्याला दोन मिळतात. आणि 'शाळा' कोणाचा? सुजय डहाकेचाच. कोल्हापूरच्या सरांनी नोंद घ्यावी.

पण पैज सोडा, मला या पाचांबद्दल दुसरंच बोलायचंय, म्हणजे खरं तर 'कासव'बद्दल. त्याला सुवर्णकमळ जाहीर झालं २०१७ च्या एप्रिलमध्ये आणि थिएटरात तो लागला ऑक्टोबरमध्ये. आधी देशातला पहिला नंबर, नंतर तिकीटखिडकी. लागला तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात गेले, दुपारचा एकच शो, एका मल्टिप्लेक्समध्ये. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम दहा तिकिटं गेली तर लावू, नाहीतर कॅन्सल. आम्ही होतो सहा जण. एक आजी-आजोबा, दोन मुली बहुतेक सायकॉलॉजीच्या असाव्यात कारण हातात तसली पुस्तकं होती, मी, आणि एक गृहस्थ शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावलेले. कोणी काही बोलेना. घड्याळ पुढे चाललंय, बाजूच्या स्क्रीनचं पॉपकॉर्न उडतंय. मग त्या पेनवाल्यांनी पाकीट काढलं आणि म्हणाले, माझी पाच द्या. त्यांच्या चार रिकाम्या खुर्च्यांसकट आम्ही देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट पाहिला. बाहेर पडताना इरावती हर्षेचं काम किती संयत आहे यावर त्या आजी जे बोलल्या ते कुठल्याही परीक्षणात मी वाचलं नाही. पण ते चार तिकिटांचे पैसे मला अजून टोचतात, मी नव्हते ना काढले.

तर मित्राशी पैज लावा पण पुढची पैज अशी लावा की पाचांपैकी थिएटरात किती पाहिलेत.

प्रश्न (बीड, नवीन निर्माता) : आम्ही गावातल्या पोरांना घेऊन सिनेमा केलाय, सेन्सॉर झालाय, थिएटर मिळेना. राष्ट्रीय पुरस्काराला पाठवता येईल का? ओळख लागते का?

पाठवता येईल, नक्की पाठवा! आणि तुमच्या कामाची बातमी ही की थिएटरात लागलेला असण्याची अट नाही, त्या वर्षातलं सेन्सॉर सर्टिफिकेट महत्त्वाचं. अर्ज निर्मात्याने करायचा, कोणी बोलावणं पाठवत नाही. लोकांना वाटतं दिल्लीत बसलेली माणसं देशातले सगळे सिनेमे बघतात आणि त्यातून निवडतात, तसं नाहीये, जे आले त्यातून निवडतात. तुमचा आवडता सिनेमा यादीत नसेल तर आधी विचारा की तो पाठवला होता का.

आधी विभागीय ज्युरी बघते, असे पाच विभाग आहेत, उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिणेचे दोन, मराठी येते पश्चिमेत. तिथून जे पुढे सरकतात ते दिल्लीच्या मध्यवर्ती ज्युरीपुढे. पूर्वी हे सगळं चित्रपट महोत्सव संचालनालय बघायचं, ते आता एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालंय, त्यामुळे जुन्या फोन नंबरांवर वेळ घालवू नका. मुदत चुकवू नका. सबटायटल्स नीट करून घ्या हो, हे मी हात जोडून सांगते, ज्युरीतल्या आसामी किंवा तमिळ माणसाला तुमच्या बीडच्या बोलीतला विनोद त्या खालच्या दोन ओळींतूनच कळणार आहे आणि तिथे लोक पैसे वाचवतात.

ओळखीचं म्हणाल तर नागराज मंजुळे यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार 'पिस्तुल्या' या लघुपटाने दिला, तेव्हा त्यांना कोण ओळखत होतं? मग 'फँड्री'ला पदार्पणाचा. शिवाजी लोटन पाटील 'धग'साठी थेट देशातले सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक झाले, आणि उषा जाधव त्याच सिनेमासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, ते २०१२ चं वर्ष. त्याच वर्षी विक्रम गोखले 'अनुमती'साठी, इरफान खानसोबत वाटून. दिग्दर्शन, अभिनेता, अभिनेत्री तिन्हीकडे मराठी, आणि गंमत म्हणजे मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट मात्र तिसराच, रत्नाकर मतकरींचा 'इन्व्हेस्टमेंट'. आहे की नाही!

प्रश्न (डोंबिवली) : ती साडीतली छोटी मुलगी कोण हो? व्हिडिओ पन्नासदा पाहिला.

आम्हीही! ती त्रिशा ठोसर, 'नाळ २' मधली. एवढीशी पोर, पांढऱ्या साडीत, राष्ट्रपतींसमोर जाऊन काय ऐटीत उभी राहिली. टाळ्यांचा आवाज बघा त्या व्हिडिओत, शाहरुखही टाळ्या वाजवतोय.

पण तिच्यासोबतच्या पोरांकडेही बघा. बालकलाकाराचा पुरस्कार यंदा पाच जणांत वाटला आणि त्यातले चार मराठी सिनेमांतले, 'नाळ २'ची त्रिशा, श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप, आणि 'जिप्सी'चा कबीर खंदारे. यातल्या श्रीनिवासचा हा दुसरा राष्ट्रीय पुरस्कार, पहिल्या 'नाळ'मध्ये चैत्या केला होता त्याने, तेव्हाही मिळाला होता. मिसरूड फुटायच्या आत दोन रजतकमळं, आमच्याकडे शाळेतलं वक्तृत्वाचं उत्तेजनार्थ आहे.

मराठीत हे काय चाललंय कळत नाही पण मुलांकडून काम करून घ्यायला आपल्याला जमतं. 'श्वास'चा अश्विन चितळे, 'फँड्री'चा सोमनाथ अवघडे, 'बाबू बँड बाजा'चा विवेक चाबुकस्वार. 'श्वास'मध्ये ऑपरेशनच्या आधी आजोबा नातवाला हॉस्पिटलमधून बाहेर घेऊन जातात, डोळे जायच्या आधी जग बघून घे म्हणून, तो भाग परत बघा. अश्विन तिथे अभिनय करतोय असं एका फ्रेममध्येसुद्धा वाटत नाही, तो फक्त हट्टी आहे, चिडलेला आहे, मग एकदम खुश आहे. मोठ्या नटांना असं खुश होता येत नाही, ते खुश झाल्याचं दाखवतात.

आणि 'नाळ'च्या दोन्ही सिनेमांचे दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी, मातृभाषा तेलुगू, मूळचे कॅमेरामन, 'देऊळ' आणि 'सैराट' त्यांनीच शूट केलेले. आपल्याच खेड्यातलं घर आपल्याला त्यांच्या कॅमेऱ्यातून जास्त आपलं वाटायला लागतं. 'नाळ २'ला बालचित्रपटाचं सुवर्णकमळही मिळालं, ते मात्र कुणी शेअर केलं नाही. शिवाय पदार्पणाचं सुवर्णकमळ आशिष बेंडे यांच्या 'आत्मपॅम्फ्लेट'ला. हेडलाइनमध्ये शाहरुख, राणी, विक्रांत, आणि खालच्या बारीक टायपात आपले सगळे. माझी सवय झालीय, यादी आली की मी खालून वर वाचते.

प्रश्न (नागपूर, नाव छापू नका असं तीनदा लिहिलंय) : सगळं सेटिंग असतं. सरकारी पुरस्कार म्हणजे सरकारला आवडेल त्याला. तुम्ही उगाच कौतुक करता.

दादा, मी उगाच कौतुक करत नाही, वर शाहरुखवरून शिव्या खायची तयारी करून बसलेच आहे. ज्युरी सरकार नेमतं हे खरं. यंदा 'द केरला स्टोरी'ला दिग्दर्शनाचा पुरस्कार दिला तेव्हा केरळच्या मुख्यमंत्र्यांनीच जाहीर निषेध केला, तो राग मला कळतो आणि दिग्दर्शन म्हणून बघितलं तरी ती निवड मला पटलेली नाही. पण सगळं सेटिंग म्हणाल तर 'कोर्ट'चं काय? एक म्हातारा शाहीर, त्याच्यावर गाण्यावरून खटला, पोलिसांपासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्या यंत्रणेला आरसा दाखवणारा सिनेमा, मुख्य भूमिकेत वीरा साथीदार, जे व्यवसायाने नट नव्हतेच, चळवळीतले माणूस. त्याला सरकारने सुवर्णकमळ दिलं. दहा-अकरा माणसं खोलीत बसून भांडतात, कधी शहाणपणा करतात, कधी माती खातात.

आणि हे पुरस्कारवाले काही मुकाट्याने घेणारेही नसतात हं. २०१८ च्या मे महिन्यात आयत्या वेळी सांगितलं की राष्ट्रपती फक्त अकराच पुरस्कार देणार, बाकीचे मंत्री देतील, तर पन्नासच्या वर विजेते समारंभालाच गेले नाहीत. काहींनी आईवडिलांना गावाहून आणलं होतं तो क्षण बघायला. रक्कम बँकेत येते, पण राष्ट्रपतींच्या हातून घेतानाचा फोटो भिंतीवर लागतो, त्याचं मोल दिल्लीला कळलं नव्हतं.

प्रश्न (इचलकरंजी) : ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोल्हापूरची हे खरं का? आमच्याकडे कोणी मानत नाही.

शंभर टक्के खरं. भानू अथैया, माहेरच्या राजोपाध्ये, जन्म कोल्हापूरचा. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी, १९८३ च्या समारंभात, जॉन मोलो यांच्यासोबत. २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली अकादमीलाच परत पाठवली, नीट सांभाळली जावी म्हणून. राष्ट्रीय पुरस्कारही दोन आहेत त्यांचे, 'लेकिन' आणि 'लगान'साठी. न मानणाऱ्यांना हा अंक दाखवा.

मराठी सिनेमा म्हणाल तर भारतातर्फे ऑस्करला तीन गेले, 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट', शेवटच्या पाचांत एकही नाही. 'श्वास'च्या वेळी तिकडे प्रचाराला पैसे नव्हते म्हणून लोकांनी वर्गणी काढली होती, आठवतंय का? शाळांतून डबे फिरले होते. आमच्या कॉलनीतही फिरला, मी त्यात किती टाकले ते आठवत नाही, पण सिनेमा तेव्हा पाहिलेलाच नव्हता हे पक्कं आठवतंय.

प्रश्न (सातारा, वरच्याच गृहस्थांचं दुसरं पत्र) : ताई, मित्र म्हणतो फाळके पुरस्कार धरायचा का? कारण मग मराठी माणसं बरीच होतात.

नाही धरायचा, तो व्यक्तीला आहे, आयुष्यभराच्या कामाला. दुर्गाबाई खोटे, व्ही. शांताराम, लताबाई, भालजी पेंढारकर, आशाताई, मोजायला बसलात तर पैजेचा विषयच बदलेल. पाचावर ठाम राहा आणि आजच पैसे घ्या.